विषय : तोफेशेजारच्या किटलीबाबत

प्रति,
वृत्तवाहिन्यांच्या आणि दैनिकांच्या फोटो डेस्कवर बसणारे सर्वजण

स.न.वि.वि.

गेल्या वर्षी भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला होता तेव्हा, म्हणजे ९ मे २०२५ च्या पहाटे, माझ्या भाच्याने मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. टीव्हीच्या पडद्याचा, मोबाइलने काढलेला. खाली लिहिलं होतं, ‘मामा, बघा, आत्ता सुरू आहे.’ पडद्यावर एक तोफ धडाडत होती. तोफेच्या तोंडाभोवती तुमच्या कोणीतरी लाल वर्तुळ काढलं होतं, बाण दाखवला होता. वर पट्टी, खाली पट्टी, उजवीकडे ओरडणारे चार चौकोन. मधे उरलेल्या जागेत तोफ.

मी चष्मा लावला. डाव्या कोपऱ्यात, खालच्या पट्टीच्या अगदी वर, ॲल्युमिनियमच्या किटलीची चोच दिसत होती. बाकीची किटली पट्टीने खाल्ली होती.

ती किटली मी ओळखतो. तिच्यातला चहा मी प्यायलो आहे.

तो फोटो माझा. कारगिल युद्धातला, द्रासजवळचा, १७ जून १९९९ चा. त्या फोटोत कानांवर हात ठेवून आ वासून उभा असलेला जवान आज पन्नाशीपुढे गेला असेल. (तोफ उडताना तोंड उघडं ठेवावं लागतं, नाहीतर कानाचे पडदे जातात. पाहणाऱ्याला तो घाबरलाय असं वाटतं. तो मुळीच घाबरला नव्हता. घाबरलो होतो मी.) कदाचित तोही त्या रात्री जेवून टीव्हीसमोर बसला असेल आणि सव्वीस वर्षांपूर्वीचा स्वतःचा चेहरा ‘आत्ताची मोठी बातमी’ म्हणून पाहत असेल.

सकाळी मी त्या वाहिनीच्या कार्यालयात फोन केला. तीन माणसं बदलून एक मुलगा फोनवर आला. नम्र होता बिचारा. म्हणाला, “सर, ते प्रातिनिधिक आहे.”

मी म्हटलं, “कोणाचं प्रतिनिधी?”

तो गप्प झाला. नंतर म्हणाला, “सर, आमच्याकडे फोल्डरमध्ये ‘वॉर’ नावाने होतं.”

त्या मुलावर माझा राग नाही. रात्रभर जागलेला असणार. त्याला फोल्डर मिळालं, त्यात फोटो होता, फोटोखाली काही नव्हतं. म्हणून हे पत्र त्याच्या नावाने न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहितो आहे. फोटोखाली काही नव्हतं, ही गोष्ट घडली कशी, एवढंच मला बोलायचंय. आणि त्यात माझाही हात आहे, तेही शेवटी सांगणार आहे.

आमच्या वेळी फोटोखालच्या मजकुराला फोटोओळ म्हणत. आजही छापील अंकात म्हणतात. मी नोकरीला लागलो तेव्हा आमचे फोटो एडिटर प्रिंट हातात घेतला की आधी उलटा करून बघत. मागे पेन्सिलीने तारीख, ठिकाण, कोण, काय लिहिलेलं नसेल तर पुढची बाजू न बघता परत देत. “आधी ओळ आण. मग फोटो बघतो.” आम्ही त्यांना मागून खूप नावं ठेवायचो.

१९९९ च्या जूनमध्ये ऑफिसने मला पाठवलं. मोठं धोरण वगैरे नव्हतं. दुसरा फोटोग्राफर लग्नाच्या रजेवर होता. श्रीनगर, सोनमर्ग, मग झोजी ला. घाट उतरल्यावर रात्री ट्रकांचा ताफा दिवे बंद करून चालायचा, कारण समोरच्या कड्यांवरून महामार्ग सरळ दिसत होता. सगळ्या भानगडीचं मूळच ते. वर बसलेला माणूस खालचा श्रीनगर-लेह रस्ता हाताच्या तळव्यासारखा बघू शकत होता. द्रास जवळजवळ पावणेअकरा हजार फुटांवर. पहिले दोन दिवस मी बुटाची नाडी बांधायला वाकलो तरी धाप लागायची. गाव जवळजवळ रिकामं झालं होतं. दुकानांना कुलपं, शेतात सुटलेली गुरं, आणि वर तोलोलिंगचं शिखर. तोलोलिंग १३ जूनला परत घेतलं गेलं, त्या आधी तिथे किती दिवस किती जवान पडत होते हे आम्हाला खाली रस्त्यावर बसून नीट कळतही नव्हतं.

एक गोष्ट आजवर कोणत्याही कार्यक्रमात मला बोलू दिली नाही, म्हणून इथे लिहितो. आम्ही, म्हणजे छायाचित्रकार आणि वार्ताहर, लढाई बघितली नाही. लढाई वर होती, सोळा हजार फुटांवर, रात्री, दगडाच्या कपारीत. आम्ही रस्त्यावर होतो. तोफा आमच्याजवळ होत्या, जखमी आमच्यापर्यंत येत होते, पलीकडून आलेला गोळा आमच्याही आसपास पडत होता, पण शिखर आम्हाला फक्त दिसत होतं. ३ जुलैच्या रात्री टायगर हिलवर मारा सुरू झाला तेव्हा खालून ती दिवाळी वाटली. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच वाटलं. शिखरांवर तिरंगा धरून उभ्या जवानांचे जे फोटो तुम्ही दर २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, लावता, ते लढाई संपल्यानंतरचे आहेत. त्यात खोटं काही नाही. फक्त ओळीत ‘विजयानंतर’ हा एक शब्द हवा, तो तुम्ही गाळता आणि वर लढाईचा आवाज घालता.

तर ती तोफ. बोफोर्स, १५५ मिलिमीटर. उडत्या तोफेचा फोटो काढायचा तर आवाज ऐकून बटण दाबून चालत नाही. आवाज कानावर पडला म्हणजे ज्वाला गेली. हुकूम देणाऱ्याच्या आवाजाची लय दोन-तीन फेऱ्यांत ओळखायची, आणि पुढच्या फेरीला हुकूम पुरा व्हायच्या आत बोट दाबायचं. माझ्याकडे निकॉन एफएम२ होता. थंडीत बॅटरी मेली तरी चालणारा, पण रोल अंगठ्याने पुढे सरकवायचा. म्हणजे एका गोळ्याला एकच फ्रेम. छत्तिसातल्या चौदा फ्रेम त्या दिवशी मी नुसत्या धुराच्या काढल्या. पंधरावीत ज्वाला सापडली. तोफेखालची जमीन हादरत होती, म्हणून चित्र किंचित हललेलं आहे. तुमच्या ग्राफिक्सवाल्याने त्यावर आणखी हलवण्याचा इफेक्ट टाकला होता.

गोळाबारी थांबली की तिथलाच एक जण स्टोव्हवर किटली ठेवायचा. तोफेच्या इतक्या जवळ किटली कशाला, असं मी विचारलं. म्हणाला, “लांब ठेवली तर दुसऱ्या तोफेवाले पितात.”

रात्री टॉर्च तोंडात धरून मी वही लिहायचो. लाल पुठ्ठ्याची, वाण्याच्या दुकानात मिळते तशी. रोल क्रमांक, फ्रेम क्रमांक, तारीख, जागा, काय. एक चिठ्ठी रोलच्या काळ्या डबीत. डब्या पाकिटात, पाकीट श्रीनगरला जाणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरच्या हातात. पुढे कोण, कसं, हे ज्याच्या-त्याच्या नशिबावर. एक पाकीट कधीच पोचलं नाही. त्यात सहा रोल होते आणि माझ्या मते त्या महिन्यातले सगळ्यात चांगले फोटो होते. हरवलेले फोटो नेहमीच सगळ्यात चांगले असतात म्हणा. लष्कराने सांगितलं होतं, पलटणीचं नाव नको, तोफेची नेमकी जागा नको. रास्त होतं. त्यामुळे छापून यायचं ते ‘द्रास परिसर’ एवढंच. पण वहीत मी सगळं लिहू शकत होतो. लिहिलं का? त्याकडे येतोच.

परत आल्यावर हिशेब विभागाने माझं बिल अडवलं. ‘चहा-बिस्किटं, ४० रुपये, पावती जोडलेली नाही.’ मी किटलीचा फोटो जोडून पाठवला. मंजूर झालं नाही.

जुलैत, मारा थंडावत आला तेव्हा, आम्हाला एका उतारावर नेलं. पलीकडच्या सैनिकांचे मृतदेह वरच्या खंदकांत सापडले होते. पाकिस्तान तेव्हा म्हणत होतं की वर लढणारे मुजाहिदीन आहेत, आमचं सैन्य नाही. पण त्यांच्या खिशांत पाकिस्तानी सैन्याच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीची कागदपत्रं मिळत होती, घरची पत्रं मिळत होती. बहुतेकांना परत न्यायला कोणी तयार नव्हतं. आपल्याच जवानांनी खड्डे खणले. मौलवी आणले होते. पांढरी कापडं, मातीचे ढीग, टोपी काढून उभे असलेले आपले जवान. मी बारा फ्रेम काढल्या. एका जवानाच्या हातात मेलेल्या माणसाच्या खिशातलं पत्र होतं. तो उर्दू वाचू शकत नव्हता, तरी कागद उलटसुलट करून बघत होता. हा माझ्या सगळ्या फोटोंतला मला सगळ्यात जवळचा.

आमच्या डेस्कने तो छापला नाही. कारण तोंडी सांगितलं : “आत्ता नको. लोकांना झेपणार नाही.” मी भांडलो नाही. मी पगारी माणूस होतो, आणि खरं सांगायचं तर बाहेरचं वातावरण बघता मलाही वाटलं होतं, नको.

नंतर बऱ्याच वर्षांनी तो एका नियतकालिकाच्या विशेषांकात छापून आला. मला न विचारता, आणि कापून. मौलवी कापले होते. पांढरी कापडं, माती आणि मान खाली घातलेले आपले जवान उरले होते. खाली ओळ होती : ‘शहीद साथीदारांना अखेरचा निरोप.’

मी तो अंक कितीतरी वेळ हातात धरून बसलो. चिडलो नाही, हसलोही नाही. ज्यांना त्यांच्या देशाने आपलं म्हटलं नव्हतं, त्यांना आमच्या एका उपसंपादकाने घाईघाईत भारतीय करून टाकलं होतं. २०१० मध्ये पाकिस्तानी लष्कराने आपल्या संकेतस्थळावर त्या युद्धात मेलेल्या आपल्या ४५३ जणांची नावं टाकली. अकरा वर्षांनी. म्हणजे ते पत्र खिशात ठेवून मेलेल्या माणसाचं नाव आज कुठेतरी यादीत असावं. माझ्या फोटोत त्याच्या पांढऱ्या कापडाखाली अजून चुकीची ओळ फिरते आहे.

युद्धाचे फोटो आले तेव्हापासून ही लबाडी आहे, हे मला ठाऊक आहे. १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौच्या सिकंदरबागेत कत्तल झाली. फेलिचे बिआतो कॅमेरा घेऊन तिथे पोचला १८५८ मध्ये, कित्येक महिन्यांनी. तरी त्याच्या फोटोत अंगणभर हाडं पसरलेली आहेत, कारण ती फोटोसाठी पुन्हा बाहेर काढून मांडली गेली, असं तेव्हाच्याच लोकांनी लिहून ठेवलंय. आपल्या भूमीवरचा युद्धाचा हा अगदी सुरुवातीचा फोटो, आणि तोच मांडलेला. पण निदान बिआतोला काचांची जड पेटी, त्रिपाद आणि रसायनं वाहून न्यावी लागली होती. तुम्हाला माझी तोफ एका क्लिकवर मिळाली.

उलट उदाहरण मुंबईतलं आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला सेबॅस्टियन डिसोझा या छायाचित्रकाराने सीएसटीवर कसाबचा तो फोटो काढला. रायफल हातात, पाठीवर पिशवी. तुम्ही तो हजार वेळा दाखवला असेल. पण डिसोझांनी पुढे काय केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. ते विशेष न्यायालयात साक्षीला उभे राहिले. हा फोटो मी काढला, इथे काढला, तेव्हा काढला. न्यायालयाने त्या चित्राला मान दिला तो या माहितीसाठी. माहिती काढून घ्या, मग ती नुसती एका पोराच्या हातातल्या बंदुकीची तसबीर.

आता गेल्या वर्षीच्या मे महिन्याकडे येतो. लांबवत नाही, तुम्ही तिथे होतात. ८ मेच्या रात्री कितीतरी पडद्यांवर कराचीचं बंदर जळत होतं. सकाळी बंदर जागेवर होतं. सायरनचा आवाज तुम्ही चर्चेला पार्श्वसंगीत म्हणून इतका वाजवलात की नागरी संरक्षण विभागाला ‘कृपया वाजवू नका, लोकांना खऱ्या सायरनची सवय होऊन जाईल’ असं कळवावं लागलं. ‘आर्मा ३’ या युद्धाच्या व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी म्हणून कुठल्या ना कुठल्या युद्धात दाखवली जातात, इतकी की २०२२ मध्ये खेळ बनवणाऱ्या कंपनीलाच ती ओळखायची कशी हे समजावून सांगणं भाग पडलं. यातल्या काही चुकांना हसता येतं.

पूंछच्या शिक्षकाला हसता येत नाही. ७ मे रोजी पलीकडच्या गोळाबारीत पूंछमध्ये मदरशातले एक शिक्षक ठार झाले. आपला नागरिक, आपल्या हद्दीत, शत्रूच्या गोळ्याने. काही वाहिन्यांनी त्यांचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, पाकव्याप्त काश्मीरमध्ये मारला गेलेला दहशतवादी. पूंछ पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला. पुढे तिथल्या न्यायालयाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. मी त्या घराचा विचार करतो. माणूस गेला त्याच दिवशी, घरात मयत असताना, टीव्हीवर त्याच्याच फोटोखाली ही ओळ. फोटो खराच होता, चेहरा त्यांचाच होता. एका ओळीने शत्रूच्या गोळ्याचं उरलेलं काम पूर्ण केलं.

त्या आधी २६ एप्रिलला माहिती व प्रसारण मंत्रालयाने पत्रक काढलंच होतं : लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका, आणि दाखल्याला कारगिल, २६/११ आणि कंदाहारचं अपहरण. पत्रक वाचून मला वाटलं, यात अर्धीच गोष्ट आहे. काय दाखवू नये ते सांगितलंय. जे दाखवता त्याच्याखाली काय लिहावं हे कोणी सांगत नाही. आणि थेट दाखवायला बंदी झाली की जागा भरायला जुनं चित्र लागतं. माझी किटली त्या रिकाम्या जागेत बसली.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हातारा शहाणपणा शिकवतोय. म्हणून आता माझी गोष्ट.

जुलै १९९९ च्या मध्यावर मी परत आलो, आणि आठवड्याने ऑफिसने मला सातारा जिल्ह्यातल्या एका गावी पाठवलं. तोफखान्यातला मुलगा. २८ जूनला गेला होता. सातारा भागात हे नवीन नाही. अपशिंग्यासारख्या गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले, तिथे स्तंभ उभा आहे. पण जुन्या लढायांत बहुतेकांवर तिकडेच अंत्यसंस्कार व्हायचे, घरी यायची ती तार आणि सामानाची पेटी. कारगिलमध्ये पहिल्यांदा शवपेट्या सरसकट गावोगाव आल्या, आणि त्यांच्यामागून आम्ही आलो. ओसरीवर आई बसली होती. मी तिचे फोटो काढले. तिने काढू दिले. मग विचारलं,

“तू तिकडं हुतास नव्हं? माझ्या पोराचा फोटू हाय का तुझ्याकडं?”

त्यांच्याकडे भरतीच्या वेळचा एक पासपोर्ट फोटो होता आणि लग्नातल्या गर्दीतला एक. गणवेशातला, तिकडचा, नव्हता.

माझ्याकडे ६१ रोल होते. दोन हजारांवर फ्रेम. त्यांत शेकडो चेहरे. मी वह्या काढल्या. नावं मोजली. नऊ. सबंध महिन्यात मी नऊ जणांची नावं विचारून लिहिली होती, आणि त्यातले चार अधिकारी. बाकी सगळीकडे माझ्याच अक्षरात : ‘जवान, पाठमोरा’. ‘जवान चहा पिताना’. ‘जखमी जवान’. लष्कराने छापायला मना केलं होतं, विचारायला नाही. मला कधी सुचलंच नाही. तो माणूस माझ्यासाठी उजेड आणि आकार होता. बायलाइन, म्हणजे छायाचित्रकाराच्या नावाची ओळ, मात्र माझी होती, प्रत्येक फोटोखाली, न चुकता.

महिन्याभराने मी सगळ्या कॉन्टॅक्ट शीट (एका रोलच्या सगळ्या फ्रेम एका कागदावर छोट्या छापलेल्या) घेऊन पुन्हा त्या गावी गेलो. आई भिंग धरून बघत बसली. दुपार गेली. संध्याकाळी तिने एका फ्रेमवर बोट ठेवलं. दगडांच्या आडोशाला एक जण बसलाय, मांडीवर अंतर्देशीय पत्र, लिहितोय. हेल्मेटच्या सावलीत चेहरा अर्धा.

“ह्यो.”

मी घरी येऊन निगेटिव्ह काढली, मोठा प्रिंट केला आणि मग मागे ओळ लिहायला वही उघडली. रोल ४१, फ्रेम २२. तारीख ४ जुलै. टायगर हिलची सकाळ.

तिचा मुलगा २८ जूनला गेला होता.

मी फ्रेम करून दिली. मागे काही लिहिलं नाही. माझ्या फोटो एडिटरांनी तो प्रिंट उलटा केला असता तर माझ्या अंगावर फेकला असता. चोवीस वर्षं तो त्या घरात हाराखाली होता. दर २६ जुलैला तालुक्याचे लोक येत, त्या फोटोला हार घालत, आणि एकदा तुमच्यातल्याच एका वाहिनीने तो ‘शहीद जवानाचं अखेरचं पत्र’ म्हणून दाखवला. मी टीव्ही बंद केला. फोन नाही केला.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. दिवसकार्याला मी गेलो होतो. धाकटा भाऊ आता स्वतः आजोबा झालाय. त्याला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. रोल, तारीख, वही दाखवली. तो थोडा वेळ त्या फोटोकडे बघत राहिला आणि म्हणाला, “आमाला ठावं हुतं, सायेब. दादा डावरा हुता.”

फोटोतला माणूस उजव्या हाताने लिहितोय.

“आईला?” मी विचारलं.

“आईनंच त्येला डाव्या हातानं जेवू नगं म्हनून फटके दिल्याले.”

हे पत्र लिहिण्याआधी मी त्याला वाचून दाखवलं आहे. गाव आणि नाव नको म्हणाला, म्हणून नाही.

तर तिने माहीत असून तो फोटो घेतला. कोणाचा तरी मुलगा पत्र लिहितोय, तो माझा, असं ठरवलं. तिला तो हक्क होता, असं मी मानतो. आईला कोणताही फोटो आपल्या मुलाचा म्हणता येतो. तुम्हाला आणि मला येत नाही. तुम्ही आणि मी त्याचा पगार घेतो.

म्हणून आता कामाचं. ‘संग्रहित’ एवढं लिहून सुटका करून घेऊ नका. संग्रहित म्हणजे परवाचं की १९९९ चं? साल लिहा, जागा लिहा. साल माहीत नसेल तर फोटो लावू नका. युद्धाच्या रात्री नकाशा दाखवा, निवेदकाचा चेहरा दाखवा, काळा पडदा दाखवा, काही बिघडत नाही. ‘प्रातिनिधिक’ हा शब्द पावसाच्या आणि कांद्याच्या बातमीला ठेवा; मरणाऱ्या माणसाचा प्रतिनिधी नसतो. मेलेल्याच्या चेहऱ्याखाली नाव किंवा आरोप लिहिण्याआधी त्या जिल्ह्यातल्या एका तरी माणसाला फोन करा, पूंछला फोन लागतो. आजच्या डिजिटल फाइलमध्ये फोटोओळ आतच भरून ठेवायची सोय असते. छायाचित्रकार ती भरून पाठवतात. स्क्रीनशॉट काढला किंवा व्हॉट्सॲपवरून उचलला की ती गळून पडते. मूळ फाइल मागवायला पाच मिनिटं लागतात. आता तर यंत्राने बनवलेले फोटो येताहेत, ज्यांना ओळ असूच शकत नाही, कारण ते कधी कुठे घडलेच नाहीत. तिथे तर ही पाच मिनिटं एवढाच तुमचा आधार आहे.

आणि तुमच्याकडे जी तरुण मुलं-मुली कॅमेरा घेऊन सीमेवर जातात, त्यांना विमा द्या, हेल्मेट द्या, चहाचे ४० रुपये द्या. आणि एक वही द्या. तिच्यात एक रकाना नावाचा आखलेला असू द्या.

मी सध्या माझ्या वह्या आणि निगेटिव्ह समोर घेऊन एकेका फ्रेमची ओळ नव्याने लिहितो आहे. ६१ मधल्या ३८ रोलपर्यंत आलोय. कोणाला कारगिलचा माझा फोटो वापरायचा असेल तर ओळीसकट देईन, पैसे नकोत. ओळ कापली तर मात्र मी फोन करणार, आणि या वेळी तीन माणसं बदलली तरी ठेवणार नाही.

कळावे,

आपला,
एक निवृत्त वृत्तछायाचित्रकार

ता. क. ९ मेच्या पहाटे तुम्ही दाखवलेल्या फोटोची ओळ अशी आहे. पुढच्या वेळी हीच वापरावी :

‘द्रासजवळ, १७ जून १९९९, दुपारी. बोफोर्स तोफेतून समोरच्या शिखरांवर मारा करताना भारतीय तोफखान्याचे जवान. डावीकडे खाली चहाची किटली. ती ज्याची होती तो चौकटीबाहेर आहे. कानांवर हात ठेवलेल्या जवानाचं नाव छायाचित्रकाराने विचारलं नव्हतं. कोणी ओळखत असल्यास कळवावे.’